पत्ता बदलला, पण पाटी लावली का?

मुंबईतील जुहूचा विमानतळ १९२८ साली सुरू झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन निघालेले एक छोटेसे विमान अहमदाबादमार्गे येथेच आणून उतरवले आणि टाटांच्या हवाई टपालसेवेचा आरंभ झाला. त्या काळी जुहूचा विमानतळ म्हणजे समुद्राला लागून असलेले एक सपाट मैदान होते. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई. मग टाटांची मंडळी विमाने आणि सगळे सामानसुमान घेऊन पुण्याला जात आणि येरवड्याजवळच्या मैदानावरून उड्डाणे करीत. पावसाळा सरला की पुन्हा जुहू.

दुसऱ्या महायुद्धानंतर आणखी एक स्थलांतर झाले. १९४८ मध्ये प्रवासी विमानांची वाहतूक जुहूहून जवळच्याच सांताक्रूझ विमानतळावर गेली. ती मात्र परत आली नाही. जुहूहून आजही हेलिकॉप्टरे उडतात, पण मोठ्या विमानांचा पत्ता बदलला तो कायमचाच.

स्थलांतरे दोन, एक तात्पुरते आणि एक कायमचे. माणसाला हा फरक सांगितला की समजतो. पण समजा, तो एखाद्या यंत्राला सांगायचा आहे, आणि चुकीचा सांगितला तर तुमचे वर्षानुवर्षांचे काम जगाच्या नजरेआड होणार आहे. अशा वेळी काय कराल? इंटरनेटवर पाने लिहिणाऱ्या प्रत्येकापुढे हा प्रश्न केव्हा ना केव्हा येतोच. तो सोडवण्याची रीत, आणि ती न पाळल्यास शोधयंत्रातील आपला क्रम का घसरतो, हे आज आपण पाहू या.

तीन आकडी उत्तर

आपण ब्राउझरमध्ये एखादा पत्ता लिहितो, तेव्हा आपला संगणक दूरच्या एका संगणकाकडे मागणी पाठवतो. त्या दूरच्या संगणकाला ‘सर्व्हर’ म्हणतात. सर्व्हर पान तर पाठवतोच, पण पानाच्या आधी तो एक तीन आकडी संख्या पाठवतो. ही संख्या आपल्याला सहसा दिसत नाही. ब्राउझर ती वाचतो आणि पुढे काय करायचे ते ठरवतो.

या संख्येतला पहिला अंक महत्त्वाचा. तो २ असला तर काम झाले. २०० म्हणजे ‘हे घ्या तुमचे पान’. तो ४ असला तर मागणीतच काही चूक आहे. ४०४ म्हणजे ‘या पत्त्यावर काही सापडत नाही’. ४१० म्हणजे ‘येथे पान होते, पण ते आता काढून टाकले आहे’. पहिला अंक ५ असला तर बिघाड खुद्द सर्व्हरकडे आहे.

आणि पहिला अंक ३ असला तर? मग सर्व्हर म्हणतो, ‘तुम्हाला हवे ते येथे नाही, तिकडे जा’, आणि सोबत नवा पत्ता देतो. ब्राउझर मुकाट्याने त्या नव्या पत्त्यावर जातो. यालाच पुनर्निर्देशन म्हणतात. आपण घर बदलल्यावर जुन्या दारावर नव्या पत्त्याची पाटी लावतो ना, तसेच हे.

या पाट्यांचे दोन मुख्य प्रकार आहेत. ३०१ म्हणजे ‘कायमचे हललो’. ३०२ म्हणजे ‘सध्या तिकडे आहोत’. जुहूहून सांताक्रूझला गेलेली विमाने ही ३०१ ची गोष्ट. पावसाळ्यापुरती पुण्याला गेलेली टपालाची विमाने ही ३०२ ची. (पुढे यांचेच दोन जरा काटेकोर भाऊ आले. ३०८ हा कायमच्या बदलासाठी आणि ३०७ हा तात्पुरत्या बदलासाठी वापरतात.)

वाचकाला ३०१ आणि ३०२ यांत काहीच फरक जाणवत नाही. दोन्ही पाट्या त्याला पळभरात योग्य पानावर पोचवतात. मग एवढा काथ्याकूट कशासाठी? कारण पाटी वाचणारा आणखी एक जण आहे. तो म्हणजे शोधयंत्र.

पानाचे वजन कोठून येते?

शोधयंत्राकडे ‘क्रॉलर’ नावाची एक आज्ञावली असते. ती एका पानावरून दुव्यांच्या वाटेने दुसऱ्या पानावर, तेथून तिसऱ्यावर अशी अखंड भटकत असते आणि वाचलेल्या पानांची एक प्रचंड सूची बनवते. आपण शब्द विचारला की शोधयंत्र या सूचीतून पाने काढून क्रम लावते. आता प्रश्न असा, की एकाच विषयाची हजारो पाने असतील तर पहिले कोणते आणि शेवटचे कोणते?

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी १९९८ साली याचे एक सुंदर उत्तर मांडले. पान स्वतःविषयी काय सांगते ते पुरेसे नाही. इतर पाने त्याच्याकडे किती बोट दाखवतात ते पाहा. आणि बोट दाखवणारे पान स्वतः किती वजनदार आहे, तेही पाहा. प्रत्येक पान आपले वजन आपल्या दुव्यांमध्ये सारखे वाटते. एखाद्या पानावर चार दुवे असतील, तर प्रत्येक दुव्याच्या वाट्याला त्याचे पाव वजन येते.

एक लहानसे गणित करू. समजा, तुमच्या शाळेच्या विज्ञान मंडळाने जुहू किनाऱ्यावरील भरती-ओहोटीच्या वर्षभराच्या नोंदी एका पानावर मांडल्या. चार निरनिराळ्या पानांनी त्या पानाकडे दुवा दिला. सोयीसाठी या चारही पानांचे वजन १ धरू. पहिल्या पानावर एकूण २ दुवे आहेत, दुसऱ्यावर ४, तिसऱ्यावर १ आणि चौथ्यावर ५. तुमच्या पानाच्या वाट्याला काय आले?

१/२ + १/४ + १ + १/५ = ०.५० + ०.२५ + १.०० + ०.२० = १.९५

पेज आणि ब्रिन यांनी यात आणखी एक गोष्ट धरली. वाचक दुव्यांच्या मागे कायम जात नाही. मधूनच कंटाळून तो भलतेच पान उघडतो. म्हणून दुव्यांतून येणाऱ्या वजनाला त्यांनी ०.८५ ने गुणले आणि उरलेले ०.१५ हे प्रत्येक पानाला जन्मतःच दिले. तेव्हा तुमच्या पानाचे वजन:

०.१५ + (०.८५ × १.९५) = ०.१५ + १.६६ = १.८१

ज्या पानाकडे कोणीच बोट दाखवत नाही, त्याचे वजन फक्त ०.१५. आजची शोधयंत्रे क्रम लावताना याखेरीज इतर कितीतरी गोष्टी पाहतात आणि त्यांची नेमकी सूत्रे गुप्त असतात. तरीही दुव्यांचे महत्त्व आहेच, आणि आपला मुद्दा समजायला हे साधे गणित पुरेसे आहे.

वजन हरवते कसे?

वरच्या उदाहरणात एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. हे १.८१ वजन तुमच्या लेखात नाही. ते त्या चार दुव्यांत आहे, आणि ते दुवे तुमच्या पानाच्या मजकुराला चिकटलेले नसून त्याच्या पत्त्याला चिकटलेले आहेत.

आता समजा, शाळेने संकेतस्थळाची फेररचना केली. नोंदींचे पान नव्या पत्त्यावर नेले आणि जुना पत्ता तसाच सोडून दिला. मजकुरात एका अक्षराचाही फरक नाही. पण ते चार दुवे अजून जुन्याच पत्त्याकडे बोट दाखवत आहेत. तिकडे गेलेल्या क्रॉलरला उत्तर मिळते, ४०४. काही फेऱ्यांनंतर तो जुना पत्ता सूचीतून गळतो. नवे पान मात्र यंत्राच्या लेखी कालच जन्मलेले. त्याचे वजन ०.१५, म्हणजे पूर्वीच्या सुमारे एक बारांश! वर्षभर उन्हातान्हात किनाऱ्यावर उभे राहून केलेल्या नोंदी तशाच आहेत; फक्त त्या शोधणाऱ्याला आता सापडत नाहीत.

जुन्या पत्त्यावर ३०१ ची पाटी लावली असती तर? क्रॉलर जुन्या पत्त्यावर येतो, पाटी वाचतो, नव्या पत्त्यावर जातो आणि आपल्या सूचीत नोंद करतो: ‘हे पान आता येथे राहते, त्याच्या नावावरचे सगळे याच्या नावावर करा.’ हे एका दिवसात घडत नाही. क्रॉलर पुन्हा त्या वाटेने यावा लागतो. त्यामुळे पत्ता बदलल्यावर काही दिवस किंवा आठवडे क्रम खालीवर होतो, आणि मग स्थिरावतो.

या हस्तांतरात काही वजन गळते का, यावर पुष्कळ वर्षे चर्चा झाली. गूगलच्या एका अभियंत्याने २०१३ साली सांगितले, की दुव्यावरून जाताना जेवढी गळती होते साधारण तेवढीच ३०१ वरून जाताना होते. आपल्या गणितात तसे धरले तर नव्या पानाचे वजन ०.१५ + (०.८५ × १.८१) म्हणजे सुमारे १.६९ येईल. पुढे २०१६ साली गूगलकडून असे सांगण्यात आले, की आता पुनर्निर्देशनामुळे ही गळती होत नाही. म्हणजे योग्य पाटी लावली तर भीतीचे कारण नाही.

तात्पुरते की कायमचे?

मग कोणतीही पाटी लावली की झाले? नाही. पुन्हा जुहूकडे वळू. पावसाळ्यात टाटांची विमाने पुण्याहून उडत, पण म्हणून जुहूचा पत्ता कोणी रद्द करीत नव्हते. ऑक्टोबर येताच विमाने परतणार हे सर्वांना ठाऊक होते. ३०२ ची पाटी शोधयंत्राला नेमके हेच सांगते: ‘जुना पत्ताच खरा, सूचीत तोच ठेवा.’ संकेतस्थळाची दुरुस्ती चालू असेल, किंवा परीक्षेच्या आठवड्यापुरते निकालाचे पान पुढे आणायचे असेल, तर ३०२ अगदी योग्य.

पण कायमच्या बदलाला कोणी ३०२ लावली, तर यंत्र गोंधळात पडते. ते बराच काळ जुन्या पत्त्यालाच खरा मानत राहते. पुष्कळ दिवस कोणी परतले नाही असे दिसले तर ते आपणहून अंदाज बांधते, पण तो केव्हा बांधेल याचा नेम नाही. उलट, तात्पुरत्या बदलाला ३०१ लावली तर जुना पत्ता सूचीतून निघून जातो आणि पावसाळा संपल्यावर विमाने परत आली तरी उतारू पुण्यालाच जात राहतात.

आणखी एक पळवाट पुष्कळ जण काढतात. शंभर जुनी पाने बंद करायची आणि सगळ्यांच्या पाट्या मुखपृष्ठाकडे वळवायच्या. भरती-ओहोटीची नोंद मागणाऱ्याला शाळेच्या मुखपृष्ठावर नेऊन सोडले, तर त्याला उत्तर मिळाले का? गूगलही अशा पाटीला ‘पान सापडले नाही’ याच सदरात टाकते. प्रत्येक जुन्या पानाची पाटी त्याच्याच जोडीच्या नव्या पानाकडे हवी. जोडीचे पान नसेल तर सरळ ४०४ किंवा ४१० देणे प्रामाणिकपणाचे.

पाटीमागून पाटी

कित्येकदा असे होते, की पाटीवरच्या पत्त्यावर गेल्यावर तेथे दुसरी पाटी, आणि तिच्यापुढे तिसरी. दर फेररचनेला नवी पाटी लागते आणि जुनी कोणी बदलत नाही. यात वेळ किती जातो, ते भौतिकशास्त्राच्या मदतीने काढू.

काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २,००,००० किलोमीटर जातो. मुंबईपासून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्कोचे सरळ अंतर सुमारे १३,५०० किलोमीटर आहे. सर्व्हर तेथे असेल तर एका मागणीचे जाणे-येणे २७,००० किलोमीटर; म्हणजे २७,००० ÷ २,००,००० = ०.१३५ सेकंद. तीन पाट्या असतील तर पान मागण्याआधीच ०.४ सेकंद गेला. केबली सरळ रेषेत नसतात, मधल्या यंत्रांनाही वेळ लागतो. म्हणून प्रत्यक्षात हा काळ याहून जास्तच. यात कसलाही बिघाड नाही, प्रकाशाच्या वेगाचीच ही मर्यादा आहे. गूगलचा क्रॉलर अशा साखळीत १० पाट्यांपर्यंतच चालतो. पुढे नाद सोडतो. तेव्हा जुनी प्रत्येक पाटी थेट शेवटच्या पत्त्याकडे वळवावी, हे उत्तम.

दोन सारख्या धावपट्ट्या

मोठी विमाने सांताक्रूझला गेल्यावरही जुहूची धावपट्टी जागच्या जागी राहिली. दोन्ही विमानतळ अगदी शेजारी, आणि दोहोंच्या मुख्य धावपट्ट्या साधारण एकाच दिशेच्या, पूर्व-पश्चिम. १५ जुलै १९५३ रोजी एक ब्रिटिश ‘कॉमेट’ जेट विमान सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअर लाइन्सचे डीसी-८ विमानही तसेच उतरले आणि धावपट्टी ओलांडून पुढे गेले. सारख्या दिसणाऱ्या दोन जागा असल्या की चूक होते, ती अशी.

इंटरनेटवर एकच मजकूर दोन पत्त्यांवर ठेवला तर क्रॉलरची हीच अवस्था होते. अस्सल कोणता, नक्कल कोणती? काही दुवे एकाकडे जातात, काही दुसऱ्याकडे, आणि वजन विभागले जाते. यावरही उपाय पुनर्निर्देशनाचा: एक पत्ता ठेवावा आणि दुसरा त्याच्याकडे वळवावा. दोन्ही पाने ठेवणे भागच असेल तर पानाच्या अदृश्य भागात ‘अस्सल पत्ता हा’ अशी एक ओळ लिहितात. ही सोय मोठ्या शोधयंत्रांनी २००९ साली मान्य केली.

मराठी लिहिणाऱ्यांना ही अडचण जरा जास्तच आहे. आपल्या ‘जुहू’ या शब्दात संगणकाच्या हिशेबाने चार चिन्हे आहेत: ज, ऱ्हस्व उकार, ह आणि दीर्घ ऊकार. प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह व दोन खुणा अशा ३ अक्षरांत लिहिला जातो. म्हणजे ४ × ३ × ३ = ३६ अक्षरे! एवढ्यात कोणी दुसरा उकार ऱ्हस्व काढून ‘जुहु’ लिहिले की यंत्राच्या दृष्टीने पत्ता निराळाच. शुद्धलेखन सुधारणे चांगलेच, पण पत्त्यातले शुद्धलेखन सुधारले तर मागे पाटी ठेवलीच पाहिजे. मराठी विकिपीडियात तर यासाठी ‘#पुनर्निर्देशन’ असा मराठी शब्दच वापरतात. निराळ्या नावाने आलेला वाचक त्यामुळे योग्य लेखावर पोचतो.

पणाला काय लागले आहे?

कोणी म्हणेल, चार पाने मागे पडली तर काय बिघडले? अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१३ साली अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडतच नव्हती. म्हणजे दर पाचांतली जवळजवळ दोन. इंग्रजीत एक पान हरवले तर त्या विषयाची दहा पाने उरतात. मराठीत कित्येक विषयांवर मुळात एखाददुसरेच पान असते. ते हरवले की तो विषयच त्या भाषेतून हरवतो.

वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच लिहून ठेवले, की चांगला पत्ता तो, जो बदलत नाही. शहराचे नाव १९९५ साली अधिकृतपणे मुंबई झाले, तरी विमानतळाचा तीन अक्षरी संकेत अजून ‘बीओएम’ हाच आहे. तिकिटे, सामानावरच्या चिठ्ठ्या, जगभरची वेळापत्रके त्याच्याशी बांधलेली आहेत. नाव बदलले, पत्ता राखला. हे साधले तर सर्वांत उत्तम. न साधले तर कायमची पाटी लावावी. ती निदान एक वर्ष ठेवावी असे गूगल सांगते. पण जुना पत्ता कोणाच्या वहीत, कोणाच्या पुस्तकात छापलेला असू शकतो. तेव्हा जमेल तितकी वर्षे ती ठेवावी.

करून पाहा

शाळेच्या संगणक-कक्षात ब्राउझर उघडा आणि ‘एफ १२’ ही कळ दाबा. उघडलेल्या चौकटीत ‘नेटवर्क’ हा भाग निवडा. आता एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता ‘एचटीटीपीएस’ ऐवजी ‘एचटीटीपी’ ने सुरू करून लिहा. यादीच्या पहिल्या ओळीत बहुधा ३०१, ३०२, ३०७ किंवा ३०८ यांपैकी एक संख्या दिसेल आणि तिच्याखाली २००. मग आपल्या शाळेच्या किंवा गावाच्या एखाद्या जुन्या संकेतस्थळाचे दहा दुवे तपासा. किती २०० देतात, किती ३०१ आणि किती ४०४? तक्ता करा. ४०४ देणारी पाने कोणत्या विषयांची होती, तेही लिहा, आणि तो तक्ता संकेतस्थळ सांभाळणाऱ्या शिक्षकांना दाखवा. त्यांतली काही पाने नव्या पत्त्यावर असतीलही. तेथवर नेणारी पाटी तेवढी लावायची राहिली असेल.